खिशातलं बिऱ्हाड

धाकटीचं नाक उघडलं आणि ही सगळी भानगड सुरू झाली.

आता धाकटी म्हणजे काही लहान पोर नव्हे. चांगली पन्नाशीला टेकलेली बाई. पण लग्न होऊन आली ती धाकटी सून म्हणून, आणि एकत्र घरात एकदा नाव पडलं की पडलं. थोरल्या दिरांचं शिलाईचं दुकान होतं. तिथे दुसऱ्या मशीनवर तिचा नवरा बसायचा आणि मागच्या बाजूला ती काजं-बटणं आणि तुरपाई करायची. नवऱ्याला ती आयुष्यभर 'अहो' म्हणत आली. तेव्हा आपणही त्यांना अहोच म्हणू, उगाच दुसरं नाव कुठे शोधत बसता!

तिकडचं ते थोरल्यांचं गाव भारी ओलं. भिंतींना बुरशी, चपलांना बुरशी, कपाटातल्या कोटांच्या खिशांतसुद्धा बुरशी. वाळत घातलेल्या टॉवेलाची शेवटी घडी घालायची ती तो वाळला म्हणून नव्हे, वाट बघून कंटाळा आला म्हणून. त्या ओलीने धाकटीचं नाक बारा महिने चोंदलेलं. जगात वास नावाची काही चीज असते हे बाई पार विसरून गेली होती. जाऊबाई म्हणायच्या, "हिला काय, दूध उतू गेलं तरी पत्ता नाही!" आणि ते खरंच होतं.

मग इकडे, दूरच्या कोरड्या हवेच्या गावात, एक जागा रिकामी झाली. एक म्हातारे टेलर काम सोडून लेकीकडे राहायला गेले. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि त्यामागे परस. धाकटीने हट्टच धरला. अहोंनी जन्मात कशालाही एका दमात हो म्हटलेलं नाही, इथे तरी कसं म्हणणार? शेवटी थोरल्यांनीच तोडगा काढला. "जा, एक मोसम काढून बघा. तुझ्या मशीनची जागा मी कुणाला देत नाही. काम मिळालं तर ठीक, नाहीतर निमूट परत यायचं."

अहोंनी सोबत जाड कापड शिवायची मोठी मशीन आणली होती, लाकडी खोक्यात खिळे ठोकून बंद केलेली. ती दुकानात मधोमध येऊन बसली आणि तशीच बसून राहिली. येता-जाता दोघांच्याही पायाची बोटं त्या खोक्यावर आपटायची.

"अहो, उघडा ना एकदाचं ते."

"राहू दे. परत न्यायची वेळ आली तर पुन्हा खिळे कोण ठोकत बसणार?"

झालं! म्हणजे बिऱ्हाड आलं खरं, पण एक पाय अजून गाडीतच.

आणि एका सकाळी धाकटीचं नाक उघडलं. मागचं दार उघडून ती परसात आली, सवयीने तोंडाने श्वास घ्यायला गेली आणि तो सरळ नाकातून आत शिरला. कोरडा, गार, सळसळीत. त्यात मातीचा वास होता, शेजारच्या भिंतीवरच्या वेलाचा होता, कुठेतरी भाजत असलेल्या पावाचा होता. बाई दारातच खिळली. मग तिने पोस्टमनची वाट बघणाऱ्या माणसासारखी मान पुढे काढून कुंपणापर्यंत सगळं हुंगून घेतलं. घरात आली आणि साबण हुंगला, चहाचा डबा हुंगला, अहोंचा सदरा हुंगला.

"हे काय चाललंय?" अहो घाबरून म्हणाले.

"तुमच्या सदऱ्याला खडूचा वास येतो! इतकी वर्षं मला सांगितलं का नाही कुणी?"

त्या दिवसापासून बाईला ऊन चढलं, दुसरा शब्द नाही. इथली हवाच तशी. दोरीच्या एका टोकाला चादर टाकून दुसऱ्या टोकाला जावं, तर पहिलं टोक वाळून फडफडायला लागलेलं. पाऊस यायचा तोसुद्धा शहाण्यासारखा, दुपारी चार थेंब शिंपडून लगेच निघून जायचा आणि मागे स्वच्छ धुतलेलं आभाळ ठेवायचा. धाकटीने गाद्या काढल्या, उशा काढल्या, पेटीतली लोकर काढली, आणि काढण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा घरातली धुतलेली भांडीसुद्धा उन्हात मांडली. शेजारपाजारच्यांना वाटलं, घर सोडून चालले की काय!

आणि पाखरं! परसाच्या भिंतीवर, दोरीवर, नळावर नुसता बाजार. तिला एकाचंही खरं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून तिने आपली धंद्यातली नावं देऊन टाकली. दुभंगलेल्या शेपटीची ती 'कात्री'. दोरीवरून टुणटुण उड्या मारत या टोकाकडून त्या टोकाकडे जाणारा तो 'टेप'. एक करडा, मोठा, रुबाबदार पक्षी रोज यायचा, सगळं उलटसुलट करून बघायचा, चिकित्सा करायचा आणि काही न घेता उडून जायचा. त्याचं नाव 'गिऱ्हाईक'. आणि सगळ्यांत लाडकी ती 'बटण', गोलमटोल, तपकिरी, शेपटी सदा उभी, मूठभर जीव आणि आवाज मात्र गल्ली उठवणारा. धाकटीने तुरपाईतून उरलेले दोऱ्याचे तुकडे भिंतीवर ठेवायला सुरुवात केली. बटण यायची, एकेक दोरा पारखायची आणि पसंत पडला की घेऊन जायची.

"अहो, या ना बघायला. बटण आलीय!"

"मला कामं आहेत," अहो रोजच्या छोट्या मशीनवरून मान वर न करता म्हणायचे. खरं तर कामं फारशी नव्हतीच. एखाद्याची विजार लांब, एखाद्याचा सदरा सैल, इतकंच. मोसम सरत चालला होता आणि दर रविवारी फोनवर जाऊबाई विचारायच्या, "मग? कधी येताय?" तो प्रश्न आला की धाकटी विषय बदलायची. परत जायचं म्हणजे पुन्हा ते चोंदलेलं नाक, पुन्हा मागच्या खोलीत काजं-बटणं, आणि या परसाला कायमचा रामराम.

अशात बँडमास्तर आले. नगरपालिकेच्या बँडचे. माणूस दारापेक्षा रुंद, आणि आवाज असा की टेबलावरच्या टाचण्या हलाव्यात. त्यांचा लाल कोट पोटावर बसेनासा झाला होता. सोनेरी फिती, पितळी बटणं, आणि त्यातून डांबरगोळ्यांचा असा भपकारा की धाकटीचं नवंकोरं नाक तिथल्या तिथे झिणझिणलं.

"कोट मोठा करा, अस्तर बदला, आणि जमलं तर हा वास घालवा," बँडमास्तर गरजले. "बागेतल्या कार्यक्रमाला अजून अवकाश आहे. काम आवडलं तर अख्ख्या बँडचे कोट तुमच्याकडे."

अख्ख्या बँडचे कोट! धाकटीने अहोंकडे बघितलं. अहो खोक्याकडे बघत होते.

अहोंनी जीव ओतून काम केलं. शिवण सोडून पोटाला जागा दिली, नवं लाल अस्तर लावलं आणि आपल्या शिस्तीप्रमाणे दोन्ही खिशांची तोंडं कच्च्या टाक्याने बंद केली. गिऱ्हाइकाच्या अंगात जाईपर्यंत खिसा फाकता कामा नये, हा त्यांचा नियम. मग म्हणाले, "आता हा मागच्या छपराखाली टांग. वास गेल्याशिवाय हातात द्यायचा नाही."

धाकटीने टांगला. आणि इथेच बाईचा हात चुकला. तिकडची सवय हो! तिकडे खिसा बंद ठेवला की आत बुरशी धरलीच म्हणून समजा. तिने सुई घेतली, दोन्ही खिशांचे टाके सटासट उसवले, तोंडं चांगली फाकवून ठेवली आणि म्हणाली, "घे बाबा, तू पण खा हवा!"

हवा खायला कोण आलं असेल ते सांगायला नकोच.

काही दिवसांनी कोट झटकायला म्हणून धाकटीने हात लावला, तर उजव्या खिशातून फुर्रकन काहीतरी तिच्या नाकावरून उडालं. "अगं बाई!" म्हणून ती मागे सरली. मग टाचा उंचावून आत डोकावली. आत गवत, पिसं, आपलेच तुरपाईचे दोरे, आणि मधोमध वाटीत ठेवल्यासारखी ठिपक्याठिपक्यांची चिमुकली अंडी. समोर भिंतीवर बटण शेपटी उभारून शिव्यांची लाखोली वाहत होती.

धाकटीला हसू की रडू असं झालं. गिऱ्हाइकाचा कोट, तोही बँडमास्तरांचा, आणि खिशात बाळंतपण! अहोंना सांगावं तर ते म्हणणार, काढ ते घरटं. न सांगावं तर कोट द्यायचा कसा? तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. कार्यक्रमाला अवकाश आहे. तेवढ्यात अंडी फुटतील, पिल्लं उडतील, एक ब्रश मारला की कोट तयार. तोवर वेळ काढायचा. आणि वेळ काढायला तिच्यापाशी एक हुकमी हत्यार होतं, तिचं नाक.

"वास गेला का गं?" अहोंनी सकाळी विचारलं.

"छे! चांगला घमघमतोय अजून."

वास कधीचा गेला होता. पण गंमत अशी की अहो मागच्या दारात उभे राहायचे, लांबूनच नाक वर करून हुंगायचे आणि म्हणायचे, "हं, येतोय खरा. राहू दे आणखी." रोज हेच. धाकटीला मनातून फार वाईट वाटायचं. केवढा हा विश्वास! बायको म्हणते म्हणून बिचाऱ्याला नसलेला वाससुद्धा येतोय.

मग तो रविवार उजाडला. दोघं चहा घेत होती, इतक्यात दुकानाचं दार दणाणलं.

"कार्यक्रम आजच!" बँडमास्तर आत येता येता गरजले. "पुढच्या रविवारी बागेत दुसरं काहीतरी आहे म्हणे. आज संध्याकाळी वाजवायचं. आणा कोट!"

धाकटी ताडकन उठली. "मी आणते!"

अहोही ताडकन उठले. "तू बस, मी आणतो!"

"तुम्ही कशाला? मी आणते ना!"

"अगं, तू बस म्हणतो ना!"

दोघं एकदम मागच्या दाराकडे धावली आणि चौकटीत अडकली. एका बाजूला धाकटीचा खांदा, दुसऱ्या बाजूला अहोंचा, आणि कुणी मागे हटेल तर शपथ.

"वास आहे त्याला अजून," धाकटी मान वळवून बँडमास्तरांना म्हणाली.

"भयंकर वास आहे," अहो म्हणाले.

"अहो, पण कोट बघू तर द्या!" बँडमास्तर म्हणाले.

"एक शेवटची इस्त्री राहिलीय," दोघं एका सुरात म्हणाली. मग अहोंनी तिला हाताला धरून परसात ओढलं आणि मागे दार लावून घेतलं.

धाकटीने आधी कोटाकडे बघितलं, मग अहोंकडे.

"तुम्हाला माहीत होतं?" धाकटी म्हणाली.

"तुला कधी कळलं?"

"अंडी घातली तेव्हा. तुम्हाला?"

अहोंनी नजर भिंतीकडे वळवली. "पहिली काडी आणली तेव्हाच."

"आणि तो वास? रोज उभे राहून हुंगत होतात तो?"

"वास दुसऱ्याच दिवशी गेला होता. नाक काय तुला एकटीलाच आहे?"

"अहो, मग मला सांगायचं तरी!"

"सांगून काय करणार होतीस? आणखी जीव लावला असतास. उद्या परत जायची वेळ आली तर तुझी समजूत कोण घालणार? आणि माझी कोण घालणार? रोज पहाटे तू उठायच्या आधी मी इथे येऊन बसतो. मला ही जागा सोडवत नाही गं. म्हणून तर ते खोकं उघडत नाही."

इतक्या वर्षांत हा माणूस मनातलं इतकं एका दमात कधी बोलला नव्हता. धाकटीला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आत बँडमास्तरांच्या येरझाऱ्यांनी कपबशा वाजत होत्या.

"आता करायचं काय?"

अहोंनी कोटाभोवती एक फेरी मारली. चेहरा एकदम कामाचा झाला. "खिशाची पिशवी म्हणजे काय, आत लोंबणारं फडकं. अस्तर खालून उसवायचं, आत हात घालायचा आणि पिशवी तोंडाशी कापून अख्खी काढायची. घरटं आतच राहील. कोटाला नवी पिशवी. आण माझी छोटी कात्री."

बटण भिंतीवर जाऊन आरडाओरडा करायला लागली. शेपटीवाली कात्री आली, टेप आला, गिऱ्हाईकसुद्धा येऊन बसलं. धाकटीने कोटाच्या आत दोन्ही तळवे घालून पिशवी खालून तोलून धरली. कापडातून अंड्यांची ऊब लागत होती. अहो बोटात अंगुस्तानाची पितळी टोपी घालून एकेक टाका तोडत होते. आणि तेवढ्यात खिशातून एक पीस तरंगत वर आलं आणि थेट धाकटीच्या नाकाशी थांबलं.

"अहो," ती गुदमरत म्हणाली, "शिंक येतेय."

"अजिबात नाही!"

"येतेय हो!"

अहोंनी कात्री दातांत धरली आणि अंगुस्तानासकट चिमटीत तिचं नाक गच्च दाबलं. धाकटीचे डोळे पाण्याने भरले, खांदे हलायला लागले, पण तळवे काही हलले नाहीत. शिंक आतल्या आत कुठेतरी फुटून गेली. मग दोघांना असं हसू आलं की अहोंच्या दातांतली कात्रीच खाली पडली. ती उचलून त्यांनी शेवटचे टाके तोडले आणि पिशवी अलगद धाकटीच्या ओंजळीत आली.

ती तिने त्याच दांडीला, कोटाच्याच जागी, टाचण्यांनी टांगली. अहोंनी आत जाऊन नवी पिशवी बसवली, अस्तर बंद केलं, इस्त्री फिरवली. बँडमास्तर खोक्यावर बोटांनी ताल धरून बसले होते.

कोट अंगात गेला. पोटावर असा बसला की बँडमास्तर आरशासमोर दोनदा वळले. उजव्या खिशात हात घातला. झकास. धाकटीने श्वास सोडला. मग त्यांनी डाव्या खिशात हात घातला.

डाव्या खिशाकडे कुणी बघितलंच नव्हतं! बटणने आधी तिथे संसार मांडून बघितला असावा, पसंत न पडून उजवीकडे गेली असावी. बँडमास्तरांच्या मुठीतून गवत, शेवाळ आणि लाल दोऱ्याचं एक भेंडोळं बाहेर आलं.

"हे काय?"

आता खोटं बोलायला नाकसुद्धा कामाचं नव्हतं. अहोंनी सगळं सांगून टाकलं. धाकटी जमिनीकडे बघत उभी होती. गेले बँडचे कोट, असं ती मनात म्हणत होती.

बँडमास्तरांनी बाही नाकाशी नेली. मग दुसरी बाही, मग कॉलर. जोरात श्वास भरला.

"वास गेला!" ते गरजले, आणि या वेळी खिडकीची काच वाजली. "अहो, मागच्या कार्यक्रमात माझ्या डांबरगोळ्यांनी पहिली रांग शिंकून शिंकून बेजार! सनईवाला तर सूर सोडून पळाला! आणि हा बघा, नुसता उन्हाचा वास येतोय. माझ्या सगळ्या बँडचे कोट याच परसात टांगा. फक्त कृपा करून खिसे शिवून ठेवा!"

ते गेले आणि अहो खुर्चीत बसून मोठ्याने हसायला लागले. पण धाकटी हसेना. ती मागच्या दारात उभी होती.

"बटण आत जात नाहीये," ती म्हणाली.

पिशवी वाऱ्यावर हेलकावत होती. एवढा मोठा लाल कोट गेला आणि मागे उरलं हे उघडं फडकं. बटण दांडीवर यायची, वाकून बघायची आणि भेदरून भिंतीवर परत जायची. अंडी गार पडायला लागली असतील. धाकटीचा जीव तुटत होता. "आपण राहिलो आणि हिचंच घर मोडलं," ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

अहो तडक आत गेले. मग दुकानातून एक दणका ऐकू आला, मागून दुसरा, आणि खिळे उपटल्याचा करकर आवाज. धाकटी धावत आत गेली. अहो हातोडा घेऊन खोक्याशेजारी बसले होते, म्हणजे खोकं जिथे होतं त्याच्या शेजारी. फळ्या चहूकडे पडल्या होत्या आणि मधोमध मोठी मशीन काळीभोर चमकत उभी होती.

"अहो, हे काय केलंत?"

"भिंती हव्यात तिला. आणि छप्पर. धर ही फळी."

फळ्या ठोकून त्यांनी एक ओबडधोबड पेटी केली, समोर तोंड ठेवलं, आत पिशवी तशीच अडकवली आणि छपराखाली त्याच जागी पक्की बसवली. वर घाईघाईत कोटाच्या अस्तराचा लाल तुकडा टाचला, ओळख पटावी म्हणून. मग दोघं दाराआड लपून बसली. बटण आली. पेटीवर उतरली. शेपटी उभी केली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आतबाहेर दोनदा मान घातली आणि घरमालकिणीच्या थाटात आत शिरली. बाहेर आलीच नाही.

धाकटीने अहोंचा हात इतका दाबला की त्यांच्या बोटातलं अंगुस्तान निसटून पडलं.

दुपारी रविवारचा फोन वाजला. एरवी धाकटी घ्यायची, आज अहोंनी घेतला. पलीकडे थोरले होते.

"दादा," अहो म्हणाले, "ती माझ्या मशीनची जागा आता देऊन टाक कुणाला तरी."

धाकटी इस्त्री खाली ठेवून ऐकत राहिली.

"हो, काम मिळालं. नाही, तसं नाही रे. यायचं म्हटलं तरी येता यायचं नाही. मशीनचं खोकं मोडलं." थोरले काहीतरी म्हणाले असावेत. "दुसरं खोकं करता येईल, ते खरं. पण दादा, या खोक्यात आता घरचीच माणसं राहायला आलीत."

त्यांनी फोन ठेवला आणि पाठमोरेच उभे राहून नाक ओढलं.

"सर्दी झालीय जरा," ते म्हणाले.

"या हवेत?" धाकटी म्हणाली, आणि लाल अस्तराचा उरलेला तुकडा रुमाल म्हणून त्यांच्या हातात दिला.